डबा मॅडमचा खेळ

मॅडमपुढे उभा असलेला माणूस ‘तू’ असायचा आणि कम्प्युटरपुढे बसलेला माणूस ‘तुमी’. वय, हुद्दा, घराणं, यातलं काहीच त्या बघायच्या नाहीत. चौथीतलं शेंबडं पोरगं खुर्चीत चढून बसलं की त्या म्हणायच्या, “तुमी आधी नाक पुसा, मग माऊसला हात लावा.” आणि तालुक्याहून तपासणीला आलेला अधिकारी दारात उभा राहिला की, “काय रे, काय काम काढलंस?” अधिकाऱ्याचा चेहरा लालबुंद व्हायचा. मग कुणीतरी त्याच्या कानाला लागायचं, “साहेब, खुर्चीत बसा. मग नीट बोलतेत.”

मी एकदा कारण विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “उभा माणूस हुकूम द्यायला आलेला असतो. बसलेला शिकायला. शिकणाऱ्याला मान द्यावा लागतो.” आणि पुन्हा पडद्याकडं वळल्या.

क्लास युसूफ वडगावच्या बाजारपेठेत, त्यांच्या धाकट्या भावाच्या कापड दुकानावर. खाली साड्यांचे गठ्ठे, वर कम्प्युटर, मधे अरुंद जिना. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. घराणं पिढीजात कापडाच्या व्यापारातलं. भाऊ सकाळी कपाळाला भस्म लावून गल्ल्यावर बसायचे, बहिणीला ‘अक्का’ म्हणायचे आणि येईल त्याच्याशी सारख्याच मऊ आवाजात बोलायचे. मॅडमचा आवाज मात्र समोरच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचा.

गाव त्यांना पाठीमागं ‘डबा मॅडम’ म्हणायचं. पाठीला कुबड असलेले जुने डब्यासारखे मॉनिटर त्यांनी कधी भंगारात घातले नाहीत. सगळीकडं सपाट पडदे आले, पण त्या म्हणायच्या, “कॅलेंडरवाणी पातळ वस्तू. तिच्या पोटात काय असणार?” त्यांच्या कम्प्युटरना नद्यांची नावं होती. मांजरा, सिंदफणा, बिंदुसरा, कुंडलिका. “मांजरा अडकलीय, तिला थोडा आराम द्या,” असं त्या म्हणाल्या की नवीन पोरगं खिडकीतून बाहेर बघायचं. प्रत्येक यंत्राला दुकानातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांचं झालर लावलेलं पांघरूण होतं. क्लासात काही खायला बंदी. ज्वारीच्या लाह्या त्यांना लई आवडायच्या, पण त्यासुद्धा जिन्यात बसून खायच्या आणि पदर झटकून वर यायच्या.

मी तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून घरी परत आले होते. नोकरी नव्हती आणि वडील मला पुण्याला पाठवायला तयार नव्हते. “मॅडमकडं जायचं तर जा, बाई माणूस हाय,” एवढीच परवानगी मिळाली. मी गेले ते शिकवायला. महिन्याभरात कळलं, शिकवणं हे निमित्त आहे. मॅडम एक खेळ बनवत होत्या.

खेळ असा होता. एका सरकारी कचेरीतला जुना कम्प्युटर. त्याच्या डेस्कटॉपवर ठिपकी नावाची एवढीशी मुलगी राहते. झगा, दोन वेण्या, सगळी मिळून मूठभर चौकोन. फायलींची चित्रं तिच्या पायऱ्या. उघडलेल्या खिडक्यांच्या डोक्यावरच्या करड्या पट्ट्या तिचे पूल. कडेची सरकपट्टी तिची लिफ्ट. ती उभी असलेली खिडकी कुणी बंद केली की ठिपकी थेट कचरापेटीत. वाळूचं घड्याळ आलं की सगळं थिजायचं आणि ती अधांतरी लटकायची. फोल्डरांवर नावं होती, ‘अर्ज’, ‘प्रलंबित’, ‘पुन्हा प्रलंबित’, ‘साहेब रजेवर’. या सगळ्यातून वाट काढत तिला डेस्कटॉपच्या पाठीमागच्या चित्रात पोचायचं होतं. तिथं मॅडमनी बालाघाटाचे डोंगर काढले होते आणि एक लिंबाचं झाड.

खेळाचा प्रोग्राम लिहायचं काम माझं, चित्रं त्यांची. एक एक चौकोन मोठा करून त्या रंग भरायच्या. भरताना श्वास धरायच्या. पाठीमागून कुणी गेलेलं चालायचं नाही. “चौकोन एक तर भरलेला असतो न्हाईतर रिकामा,” त्या म्हणायच्या. “अर्धा भरता येत न्हाई. म्हणून मला हे काम आवडतं.”

लाइट गेली तरी क्लास सुटायचा नाही. मॅडम काळ्या पडद्याकडं बघत म्हणायच्या, “तुमी आता दुसऱ्या खिडकीवर हायत. खाली कचरापेटी. काय करता?” पोरं तोंडी उड्या मारायची. चुकलं की, “पडले तुमी. पहिल्यापासून.”

शेवटचा टप्पा त्यांनी एकट्यांनी रचला. त्यात एक मोठी खिडकी होती आणि तिच्यात पांढऱ्या कपड्यांतला, काळ्या गॉगलचा एक माणूस हात वर करून उभा होता. उभा कशावर, तर वाकलेल्या माणसांच्या ढिगावर. ठिपकी उडी मारायला गेली की तो ‘थांब’ म्हणायचा आणि ढीग आणखी वर चढायचा. त्याच्याशी लढून काही उपयोग नव्हता. ठिपकीनं एकेका वाकलेल्या माणसाजवळ जाऊन खांद्याला हात लावायचा. तो माणूस सरळ व्हायचा आणि खिडकीबाहेर चालता व्हायचा. ढीग कमी होत होत शेवटी पांढऱ्या कपड्यांतला माणूस जमिनीवर यायचा. तिथं कळायचं की तो ठिपकीएवढाच आहे. ती त्याच्या शेजारून निघून जायची.

खेळ जवळजवळ पूर्ण झाला तेव्हा मॅडमनी गावातल्या लोकांना तो बघायला बोलावलं. पोरांचे आईबाप आले, शेजारचे दुकानदार आले. शेवटच्या टप्प्याला लोक हसले. कुणीतरी मोबाइलवर तो भाग उतरवून घेतला. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या भागात फिरला. वर कुणीतरी लिहिलं होतं, ‘नाना उतरले खाली’.

नाना म्हणजे आमच्या भागातले पुढारी. पांढरे कपडे, काळा गॉगल, बोलताना एक हात वर. निवडणूक तोंडावर आलेली. विरोधकांनी ती चित्रफीत घरोघर पोचवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर भावाची पावलं वाजली. ते सहसा वर येत नसत. येऊन दारातच उभे राहिले. कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं होतं.

“अक्का, ते नाना न्हाईत, एवढं म्हण.”

“कुणी विचारलंय?”

“विचारतेल. विचारलं की म्हण, असंच काढलंय. कुणाचंबी न्हाई.”

“असंच कसं काढता येतं?” मॅडम म्हणाल्या. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता.

“एक वाक्य हाय, अक्का. माझं दुकान हाय खाली. मला पोरीबाळी हायत.”

मॅडम पडद्याकडं वळल्या. मग म्हणाल्या, “तू जा खाली. गिऱ्हाईक आलं असंल.”

दुपारी दोघं जण आले. फटफटीचा आवाज आधी आला, मग बुटांचा. क्लासात मुलं होती. बूट आत आले तसे मुलांनी माऊस सोडले.

“ही गेम कुणी केली?” पुढचा म्हणाला.

“बूट काढ,” मॅडम म्हणाल्या.

“मी काय इचारलं?”

“मी काय सांगितलं?”

मागच्यानं पुढच्याचा दंड धरला. “जाऊ दे बे. बाई माणूस हाय.” मग मॅडमकडं बघून तो जरा हळू बोलला, “नानांवर काढलंय का हे? हो का न्हाई, तेवढं सांगा.”

“ज्याचं चित्र हाय त्यानं विचारावं. त्याला सांगीन. नानाला पाठव.”

त्यांच्या गावात कुणी नानांना असं एकेरीत बोललं नसेल. पुढचा जिथं होता तिथंच थांबला. त्यानं बिंदुसरावरचं पांघरूण उचललं, खालचा मॉनिटर बघितला, पांघरूण पुन्हा टाकलं. काहीच न करता नुसतं एवढंच. त्याची मला जास्त भीती वाटली.

“येतेल नाना,” तो म्हणाला. “आमी सांगतो.”

त्या संध्याकाळी वडिलांनी मला सांगितलं, उद्यापासून जायचं नाही. मी म्हटलं, मॅडम एकट्या आहेत. वडील जेवले नाहीत. सकाळी मी निघाले तसे तेही चपला घालून निघाले. माझ्यामागं चालत आले आणि खाली कापड दुकानात जाऊन बसले. दिवसभर ते धोतरजोड्या उलगडून बघत होते. त्यानंतर रोज हेच. भाऊ त्यांना चहा पाजायचे. दोघं रस्त्याकडं तोंड करून बसायचे आणि जीप दिसली की बोलणं थांबवायचे.

मुलं यायची बंद झाली. मॅडम मात्र वेळेवर यायच्या, सगळ्या नद्यांवरची पांघरुणं काढायच्या, रिकाम्या खुर्च्या पुसायच्या. मी एकदा म्हटलं, “मॅडम, गॉगल काढून टाकू या. एवढ्यानं भागंल.”

“कावून?”

“लोकांना शंका यायची न्हाई.”

“गॉगल घालतो का न्हाई तो?”

“घालतात.”

“मंग?”

विषय संपला. त्यांना हट्ट करायचा नव्हता. ज्याच्या डोळ्याला गॉगल आहे त्याचा गॉगल पुसणं म्हणजे त्यांना खोटं लिहिल्यासारखं वाटत होतं, आणि ते त्यांना जमतच नव्हतं. त्यांच्या भावाला हे कधी कळलं नाही. मलाही तेव्हा नीट कळलं नव्हतं. मी फक्त जिन्याकडं कान लावून बसायची.

नाना आले ते भर दुपारी. दोन जीपगाड्या दुकानासमोर थांबल्या. पेठेत शटर खाली ओढल्याचा एक आवाज आला, मग दुसरा. जिन्यावर इतकी माणसं चढली की लाकडी कठडा करकरला. पुढं नाना, मागं तो बुटांचा पोरगा, त्याच्या मागं बरेच. त्यांच्या आडून मला वडिलांची टोपी दिसली. ते जिन्यात अडकले होते.

“चपला बाहेर,” मॅडम म्हणाल्या.

सगळे नानांकडं बघत होते. नानांनी खाली बघितलं, फरशी बघितली आणि पायातले जोडे काढले. मग मागं एकच गडबड उडाली. जिन्यात जोड्यांचा ढीग झाला.

“हा मी हाय का?” नानांनी विचारलं.

“बस आधी,” मॅडम म्हणाल्या. “खेळ बघितल्याशिवाय काय सांगू?”

बुटांचा पोरगा पुढं झाला. नानांनी त्याला हातानं थांबवलं. मांजरापुढची खुर्ची ओढली आणि बसले.

“हां,” मॅडम म्हणाल्या, “आता तुमी हा माऊस धरा. असा न्हाई, सैल धरा.”

नाना पहिल्याच टप्प्यात पडले. पुन्हा पडले. ठिपकी कचरापेटीत गेली की एक छोटासा ‘टुक’ असा आवाज यायचा. तो माझाच होता, मी तोंडानं काढून यंत्रात घातलेला. त्या खोलीत तो पुन्हा पुन्हा वाजत राहिला आणि कुणी हसलं नाही. नानांच्या मानेवर घाम आला. त्यांनी गॉगल काढून टेबलावर ठेवला आणि डोळे बारीक करून पडद्याजवळ वाकले. पुन्हा टुक.

“हे माझ्यानं व्हायचं न्हाई,” ते म्हणाले. “शेवट दाखवा.”

मॅडम माझ्याकडं वळल्या. “तू बस.”

मी नानांच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि माऊस माझ्याकडं ओढला. हात कापत होता. पहिला टप्पा, दुसरा, ‘प्रलंबित’, ‘पुन्हा प्रलंबित’. मागं माणसांचे श्वास ऐकू येत होते. जिन्यातून वडील खोकले. मी शेवटच्या खिडकीत शिरले आणि पांढऱ्या कपड्यांतल्या माणसानं हात वर केला.

मला थांबावंसं वाटलं. इथंच पडावं, मुद्दाम, म्हणजे पुढचं कुणाला दिसणार नाही. मागून, माझ्या खुर्चीची पाठ धरून, मॅडम म्हणाल्या, “पुढं.”

मी पहिल्या वाकलेल्या माणसाच्या खांद्याला हात लावला. तो सरळ झाला आणि निघून गेला. मग दुसरा. ढीग खाली येत गेला. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं, नाना पडद्याकडं बघत नव्हते. ते मागं उभ्या असलेल्या आपल्या माणसांकडं बघत होते. आणि ती सगळी माणसं पडद्याकडं बघत होती, तोंडं उघडी टाकून, पुढं काय होतं याची वाट बघत.

पांढरा माणूस जमिनीवर आला. ठिपकी त्याच्या शेजारून डोंगरात निघून गेली.

“हा मीच,” नाना म्हणाले.

“हो,” मॅडम म्हणाल्या. “काढताना तुमीच डोळ्यापुढं होता.”

“मी तुमचं काय वाईट केलं, मॅडम?”

“या क्लासचं उद्घाटन तुमी केलं होतं. आठवतंय?”

“असंल. लई उद्घाटनं करतो.”

“स्टेज नव्हतं. तुमच्या माणसांनी कम्प्युटरची खोकी एकावर एक रचली. तुमी त्यावर उभं राहून भाषण केलं. शिक्षणावर. आतला एक मॉनिटर फुटला.”

नाना पडद्यावरच्या डोंगराकडं बघत राहिले.

“फुटला व्हता व्हय?” ते म्हणाले. “मला कुणी बोललं न्हाई.”

“तुमाला कोण बोलणार?”

हे वाक्य मॅडम नेहमीच्या मोठ्या आवाजात बोलल्या नाहीत. अगदी हळू बोलल्या. नानांनी टेबलावरचा गॉगल उचलला, पण लगेच घातला नाही. त्यांचा एक डोळा लाल होता आणि त्यातून पाणी गळत होतं. ते त्यांनी रुमालानं टिपलं.

“हे तेवढं तुमचं चुकलंय,” ते म्हणाले. “हा शौकाचा न्हाई. डोळ्याचं आपरेशन झाल्यापासून उजेड सोसत न्हाई. घरी बायकोलाबी वाटतं मी मिरवायलोय.”

“हे मला माहीत नव्हतं,” मॅडम म्हणाल्या.

नाना उठले. काय करणार, याची मी वाट बघत होते. ते सरळ जिन्याकडं गेले. ढिगातून आपले जोडे शोधायला त्यांना थोडा वेळ लागला, कारण या वेळी कुणी ते पुढं आणून ठेवले नाहीत. सगळे अजून पडद्याकडंच बघत होते.

जीपगाड्या गेल्या. वडील वर आले, माझ्याकडं बघितलं आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसले.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर मॅडम आधीच मांजरापुढं बसल्या होत्या, श्वास धरून. त्या पडद्यावरच्या माणसाचा गॉगल पुसत होत्या. भाऊ जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते आणि त्यांच्या तोंडावर किती दिवसांनी हसू आलं होतं.

“बदललं बघ अक्कानं,” ते मला म्हणाले. “मी म्हणलं व्हतं, बदलंल.”

मॅडमनी गॉगलच्या जागी दोन डोळे काढले. एक साधा. दुसऱ्याच्या कडेला फिकट लाल चौकोन आणि त्याखाली निळ्या पाण्याचा एक. मग त्या मागं सरकल्या. “आता खरं झालं,” म्हणाल्या. “आधी मी वरवरचं काढलं होतं.”

भाऊ पुढं वाकून बघायला लागले. हसू मावळलं.

“अक्का,” ते म्हणाले, “आधी निदान शंका तरी घेता येत होती. आता तर हुबेहूब नानाच दिसायलेत.”

नानांनी काहीच केलं नाही. मी पुष्कळ दिवस वाट बघितली. फटफटी आली की मी खिडकीशी जायची, पण ती सरळ निघून जायची. निवडणूक झाली, नाना निवडून आले, मिरवणूक दुकानासमोरून गेली. कुणी वर बघितलंसुद्धा नाही. पण भावाच्या मनातली भीती गेली नाही. त्यांना झोप येईना. शेवटी एका सकाळी ते मॅडमना म्हणाले की वरची जागा गठ्ठे ठेवायला लागतेय. मॅडम म्हणाल्या, “बरं.” बहीण भांडेल म्हणून तयारी करून आलेला तो माणूस तिथंच उभा राहून रडला. मॅडमनी त्याला खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं.

कम्प्युटर टेम्पोत भरताना त्यांनी एकेकीला नावानं हाक मारून जिन्यावरून खाली उतरवलं. ‘सिंदफणा सांभाळून, तिची कळ ढिली हाय.’ त्या तलवाड्याला मावसबहिणीकडं राहायला गेल्या. खेळ मी पूर्ण केला आणि इंटरनेटवर ठेवला. फार लोकांनी तो खेळला नाही, पण कुठल्या कुठल्या देशांतून माणसं विचारायची, ‘प्रलंबित’चा अर्थ काय? बरेच जण शेवटच्या खिडकीत अडकायचे. त्या माणसाला मारायचं कसं, असं विचारायचे. मॅडमना सांगितलं की त्या खूश व्हायच्या. “कळव त्यांना, तसं न्हाई जमायचं.”

मला पुण्यात नोकरी लागली ती त्याच खेळावर. वडील स्वतः सोडायला आले.

मागच्या खेपेला गावी जाताना मी वाट वाकडी करून तलवाड्याला गेले. मॅडम थकल्या आहेत. डोळ्यांना बारीक चौकोन दिसत नाहीत, त्यामुळे आता पोरांना नुसतं तोंडी शिकवतात. आम्ही ओसरीवर चहा घेतला. बोलता बोलता मी विचारलं, “नाना आले होते त्या दिवशी तुम्हाला भीती नव्हती वाटली?”

“लई,” त्या म्हणाल्या.

मी कप खाली ठेवला.

“पाय थरथरायले होते. माऊस धरला असता तर ठिपकी पहिल्या पायरीवरनंच पडली असती आणि त्या सगळ्यांना कळलं असतं की बाई घाबरली. म्हणून तुला बसवलं. तुझेबी हात कापायले होते, बघितलं मी. पण पोरीचे हात कापले तर कुणी ध्यान देत न्हाई.” त्यांनी बशी खाली ठेवली. “मी तुझ्या खुर्चीची पाठ धरली होती. म्हणून उभी तरी राहिले.”

तो हात मला आठवत होता. माझ्या खांद्यामागं, खुर्चीच्या लाकडावर, घट्ट. मला धीर द्यायला तो ठेवलाय, असं मी इतकी वर्षं समजत होते.